कानवाल्याचा हातोडा

मी एक जुना हातोडा आहे. मित्रांनो, हातोडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर खिळे ठोकणारा, दांडा हललेला, तोंडाच्या कडा उडालेला कुणीतरी येत असेल. तो मी नव्हे. त्या मंडळींशी माझा काडीचा संबंध नाही. मी तांबटाचा हातोडा आहे, आणि तोही भांड्यावर शेवटचा हात फिरवणारा. पत्रा वाकवणारे, फुगवणारे, जोड ठोकणारे हातोडे वेगळे. त्यांचं काम आटोपलं आणि भांड्याला भांड्याचं रूप आलं, की मग माझी पाळी. तांब्याच्या घागरीवर तुम्ही ते लहान लहान गोल ठसे पाहिले असतील, एकाला एक लागून, गळ्यापासून बुडापर्यंत. ते ठसे माझे. त्या कामाला मठारकाम म्हणतात.

मी थोडा गर्विष्ठ आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. असू द्या. पण आज मी माझी बढाई मारायला बसलेलो नाही. ज्या माणसाने मला जन्मभर तेलाच्या फडक्यात जपलं, त्याचे कान मी घेतले. तेवढ्यावरही मी थांबलो नाही. ते सगळं सांगून टाकावं, असं मनात आलं आहे.

माझा जन्म एका मोडक्या गाडीच्या आसापासून झाला. एका म्हाताऱ्या तांबटाने तो आस भंगारातून निवडून काढला आणि लोहाराच्या पुढ्यात टाकला. लोहाराने मला दोन दिवस भाजलं, बडवलं, पाण्यात बुडवलं आणि पुन्हा भाजलं. मग म्हाताऱ्याने मला घरी नेलं आणि आठवडाभर माझं तोंड दगडावर, नंतर तेल लावलेल्या कातड्यावर घासलं. शेवटी माझ्या तोंडात स्वतःचं तोंड बघून त्याने मिशीवरून बोट फिरवलं, तेव्हा कुठे माझी सुटका झाली. आमच्या कामात हे फार जरुरीचं असतं. माझ्या तोंडावर केसाएवढा चरा पडला, तर तो चरा प्रत्येक ठशात उमटतो, आणि एका घागरीवर ठसे असतात तीन-चार हजार.

म्हाताऱ्याला दोन मुलगे होते. मला कुणाच्या हातात द्यायचं, हे ठरवायला त्याने एक साधी गोष्ट केली. दोन घागरी शेजारी ठेवल्या, दोघींना नखाने टिचकी मारली आणि विचारलं, "यातली कुठली झाली आणि कुठली व्हायची आहे?"

धाकटा म्हणाला, "दोन्ही सारख्याच तर वाजतात."

थोरला म्हणाला, "डावी झाली. उजवी अजून झोपलेली आहे. तिला आणखी दोन फेरे लागतील."

म्हाताऱ्याने मला थोरल्याच्या हातात ठेवलं. ऐरणीपुढची बसायची जागाही त्यालाच दिली. धाकट्याला पत्रे कापायला बसवलं. त्या दिवशी धाकट्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरलेलो नाही.

मित्रांनो, इथे तुम्हाला आमच्या कामातली एक खुबी समजून घ्यावी लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तांबं मऊ असतं. त्यावर ठोकत गेलं की ते कडक होत जातं, आणि जसजसं कडक होतं तसतसा त्याचा आवाज बदलतो. सुरुवातीला नुसतं धप्प वाजतं. मग ठण्ण वाजायला लागतं, आणि तो ठणठणाट लांबत जातो. एका क्षणी तो आवाज अचानक बारीक होतो, चिमटा काढल्यासारखा. त्या क्षणी हात थांबला पाहिजे. थांबला तर घागर शंभर वर्षं जाते. चार घाव जास्त पडले तर तडकते, आणि कित्येक दिवसांची मेहनत भंगारात जाते. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही. ते कानालाच कळतं.

थोरल्याचा कान असा होता की गल्लीने त्याचं नावच 'कानवाला' पाडलं. लांबलांबचे दुकानदार त्याची घागर उचलून टिचकी मारायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. मी त्याच्या हातात चढून बसलो होतो, त्यामुळे निम्मं कौतुक मी माझंच समजायचो.

मग त्याचं लग्न झालं. आमच्याकडे ठोकणारा एकटा नसतो. ऐरणीच्या पलीकडे समोर बसून भांडं धरणारं कुणीतरी लागतं. दोन्ही हातांनी काठ धरायचा आणि प्रत्येक घावानंतर भांडं बोटभर फिरवायचं. ते काम घरातल्या बाईचं. लग्नाला पंधरा दिवस झाले आणि बायको समोर येऊन बसली. पहिला घाव पडला तेव्हा ती इतकी दचकली की घागर तिच्या हातातून सुटली.

"हात आहेत की फळ्या?" कानवाला खेकसला.

तिने घागर पुन्हा धरली. प्रत्येक दिवशी पहिल्या घावाला ती दचकायची, पुढे मात्र नाही. कान तिलाही होते आणि रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती माझा आवाज ऐकत होती. आवाज कधी वळतो, हे वर्षभरात तिला नवऱ्याइतकंच कळायला लागलं. दोन वर्षांत त्याच्याही आधी कळायला लागलं. पण ते कुणाला माहीत होणार? म्हाताऱ्याने मुलांपुढे दोन घागरी ठेवल्या होत्या, सुनेपुढे ठेवल्या नाहीत.

आता माझ्या पापाकडे येतो. दिवसाला तीन हजार घाव, कानापासून हातभर अंतरावर. वीस वर्षं. तुम्हीच हिशेब करा. आधी त्याला पाखरांचे आवाज येईनासे झाले, पण पाखरांकडे लक्ष द्यायला त्याला वेळ कुठे होता? मग दारावरची थाप येईना. मग बायकोची हाक. तो मोठ्याने बोलायला लागला, कारण स्वतःचा आवाजही त्याला नीट ऐकू येत नव्हता. आणि एक दिवस, चांगली मोठी घागर ऐरणीवर असताना, आवाज बारीक झाला आणि त्याचा हात थांबला नाही.

मला ते कळलं होतं. बायकोलाही कळलं होतं. पण कानवाल्यापुढे ती काय बोलणार? चौथ्या घावाला घागर गळ्यापाशी तडकली.

"तांबंच खराब," तो म्हणाला, आणि पत्रेवाल्याला शिव्या घातल्या.

पुढच्या महिन्यात दुसरी तडकली. या वेळी तो बायकोवर उखडला. "तुझा हात हलला! वीस वर्षं झाली, अजून धड धरता येत नाही!"

तिचा हात हलला नव्हता. मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि माझी खात्री आहे की त्यालाही माहीत होतं. त्या संध्याकाळी तो भट्टीपाशी बसून रिकाम्या घागरीला टिचक्या मारत होता. कान घागरीला चिकटवून. पुन्हा पुन्हा. बायको दारातून बघत होती. मित्रांनो, तिने तेव्हा जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता, तर माझी गोष्ट वेगळी झाली असती. पण दुपारच्या शिव्या अजून तिच्या अंगावर ओल्या होत्या. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली.

तिसऱ्या घागरीच्या वेळी मात्र तिने एक केलं. आवाज बारीक झाल्याबरोबर तिने उजव्या हाताचं पहिलं बोट काठावरून उचललं. बस, एवढंच. त्याची नजर त्या बोटावर गेली. हात हवेतच थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. त्याने मला खाली ठेवलं आणि घागर झाली म्हणून उतरवली.

त्यावर दोघांत एक अक्षर बोललं गेलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढची अकरा वर्षंही नाही. तिचं बोट उचललं जायचं, त्याचा हात थांबायचा. घागरी पूर्वीपेक्षाही चांगल्या व्हायला लागल्या. दुकानदार टिचकी मारून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वा! कान म्हणावा तर असा!" कानवाला मान डोलवायचा. ती खाली बघून काठ पुसायची.

गल्लीला मात्र सगळं कळलं होतं. अशा गोष्टी गल्लीला लवकर कळतात. पोरं त्याच्या पाठीमागे चालत वाटेल ती नावं घ्यायची आणि त्याने वळून पाहिलं की नमस्कार करायची. चहावाला हसत हसत त्याला म्हणायचा, "या बहिरेबुवा, आज कुणाचं ऐकलंत?" आणि हा त्याच्या हसण्याला हसून उत्तर द्यायचा. धाकटा सगळ्यांच्या वरताण. तो मुद्दाम त्याच्या पाठीमागे झाकणांची चवड पाडायचा आणि बघणाऱ्यांना डोळा मारायचा.

बायकोही काही साधीभोळी नव्हती, खोटं का बोलू? ताट वाढताना ती त्याच्या पाठीमागून अगदी गोड आवाजात म्हणायची, "घ्या, गिळा. दगडालासुद्धा कधीतरी पाझर फुटतो म्हणे, तुम्हाला काही फुटत नाही." मग समोर येऊन ताट ठेवायची आणि विचारायची, "मीठ बरोबर आहे का?" तो म्हणायचा, "बरोबर आहे." मला हसू यायचं. आता येत नाही.

अशात एक दिवस हस्तकला मंडळाच्या बाई आल्या. मंडळ एक शाळा काढणार होतं. जुनी कामं येणाऱ्या कारागिरांना तिथे शिक्षक म्हणून बसवायचं, तरुण मुलामुलींनी त्यांच्याकडे शिकायचं. बाईंनी कानवाल्याची एक घागर कुठेतरी ऐकली होती. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखा कान आता कुणाकडे नाही. पुढच्या सोमवारी आम्ही येतो. आमच्यासमोर एक घागर पुरी करून दाखवा. बाकी सगळं ठरल्यातच जमा आहे." धाकट्याने ते सगळं भावाच्या समोर उभं राहून, ओठ मोठे करून पुन्हा सांगितलं, वर बाईंना म्हणाला, "दादा कामाच्या नादात असला की त्याला सांगावं लागतं." त्या दिवशी तरी त्याने भावाचं बहिरेपण झाकून घेतलं. शाळेत आपलीही सोय लागेल, असा त्याचा अंदाज होता.

सोमवारी सकाळी कानवाला जेवायला बसला होता. बायको त्याच्या अगदी समोर येऊन बसली. ती असं कधी बसत नसे. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आज त्या बाई येतील. विचारतील, या कोण. तेव्हा माझं सांगा."

"काय सांगू?"

"तुम्हाला ऐकू येत नाही, असं नका सांगू. ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. फक्त एवढं सांगा की आम्ही दोघं मिळून ऐकतो. बस, एवढंच."

तिच्या ओठांवरून त्याला सगळं कळलं. तो घास चावत राहिला.

"बघू," तो म्हणाला.

मी कोपऱ्यात फडक्यात होतो. तिला त्या एका 'बघू'वर केवढी आशा वाटली, ते मी पाहिलं. तिने केस नीट विंचरले. ठेवणीतले कपडे काढले. भांडं धरायला बसणारी बाई ठेवणीतले कपडे घालत नाही, काजळी लागते. त्या दिवशी तिने घातले.

बाई आल्या, बरोबर दोन माणसं आणि एक कॅमेरा. अर्धी गल्ली दारात. कानवाला ऐरणीपुढे बसला, ती समोर. मला हातात घेण्याआधी त्याने माझं तोंड बाहीला पुसलं. बाईंनी कौतुकाने इकडेतिकडे पाहिलं आणि बायकोकडे हात करून विचारलं, "आणि या काय करतात?"

हाताच्या खुणेवरून प्रश्न त्याला कळला. तिने मान वर केली. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, जसा तो अकरा वर्षं तिच्या बोटाकडे बघत आला होता.

त्याने दारातल्या गल्लीकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग आपल्या त्या मोठ्या, फाटक्या आवाजात म्हणाला, "ती होय? ती भांडं धरते. ते काय, कुणीही धरेल!"

सगळे हसले. बाईही हसल्या. तोही हसला.

तिने काठ धरला. मी ठोकायला लागलो. धप्प, धप्प. मग ठण्ण. मित्रांनो, घागर अशी लागली होती की काय सांगू! तिचा आवाज भिंतींना लागून परत येत होता. बाईंनी डोळे मिटले. एक फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात, गळ्याच्या खाली, आवाज बारीक झाला.

बोट उचललं गेलं नाही.

तो तिच्या बोटाकडे बघत होता आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे. तिची दहाही बोटं काठावर घट्ट होती. आणखी एक घाव. आणखी एक. मला थांबायचं होतं. पण हातोड्याला कोण विचारतो? धाकटा मागून ओरडला, "दादा, थांब! दादा!" गल्ली ओरडली. त्याला काहीच ऐकू आलं नाही. चौथ्या घावाला घागर गळ्यापासून पोटापर्यंत उलली, आणि त्या भेगेवरून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

बाईंनी डोळे उघडले. "अहो, त्यांना ऐकू येत नाही का?"

आता झाकण्यात काही फायदा उरला नव्हता, हे धाकट्याने लगेच ओळखलं. "दादा बहिरा आहे, बाई," तो म्हणाला. "कधीपासूनच. सगळ्या गल्लीला माहीत आहे. आम्हाला माहीत आहे, एवढंच त्याला माहीत नाही."

पुन्हा हशा झाला. या वेळी कानवाल्याला हसायचं कशाला, ते कळेना. तरी तो हसला. सगळे हसताना हसायचं, ही त्याची जुनी सवय होती. ते हसू बघून मला वाटलं, माझा दांडा मोडावा आणि मी कुठेतरी अडगळीत जाऊन पडावं.

बायको उठली. एकदाच तिने तोंड उघडलं. "बाई, आवाज मला कळतो. वळल्याबरोबर कळतो."

बाईंनी तिच्या हातावर थोपटलं. "हो, हो. इतकी वर्षं बसून बसून थोडंफार कळत असेलच." आणि त्या धाकट्याकडे वळल्या. शाळेत शिकवायला ऐकू येणारा, बोलता येणारा माणूस हवा होता. धाकट्याला बोलता तर फारच छान येत होतं. ज्याला दोन घागरींमधला फरक कधी कळला नाही, तो मठारकामाचा शिक्षक झाला.

माणसं गेल्यावर कानवाल्याने तिचा हात धरला आणि ते बोट तिच्या डोळ्यांसमोर नाचवून विचारलं, "हे का नाही उचललंस?"

ती त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "कुणीही धरेल म्हणालात ना? मग आता कुणालाही विचारा."

तुम्हाला वाटेल, भांडण संपलं. तसं झालं नाही. पोटासाठी दुसऱ्या आठवड्यात दोघं पुन्हा ऐरणीच्या दोन बाजूंना बसली. तिचा राग तोपर्यंत निवला होता. ती बोट उचलायची, अगदी वेळेवर, पूर्वीसारखंच. पण आता त्याचा विश्वास बसेना. तिने बोट उचललं की तो मुद्दाम आणखी चार घाव घालायचा, भांडं तडकायचं. मग पुढच्या भांड्याला घाबरून तिच्या खुणेच्या खूप आधीच थांबायचा, आणि भांडं कच्चं राहायचं. ती डोळ्यांत पाणी आणून बोट हलवायची, "अहो, आत्ता नाही! अजून व्हायचं आहे!" तो बघायचा आणि मला खाली ठेवायचा. दोन वर्षं हे चाललं. दुकानदारांनी टिचकी मारून मान हलवली आणि ते यायचे बंद झाले.

धाकट्याने मात्र शाळेच्या नावावर मोठं दुकान थाटलं. त्याच्या घागरी कारखान्यात साच्यातून दाबून येतात, गुळगुळीत, अर्ध्या मिनिटाला एक. पण गुळगुळीत घागर लोकांना हाताची वाटत नाही. तेव्हा तो भावाकडे आला आणि ओठ मोठे करून म्हणाला, "दादा, दुकानाच्या दारात बस. नुसते ठसे मार. ऐकायची काही गरज नाही."

तेव्हापासून आम्ही इथे आहोत. दारात गालिचा घातला आहे. मागे पाटी आहे. कानवाला तयार घागरीवर ठसे मारतो, गिऱ्हाइकं उभी राहून बघतात आणि धाकटा ओरडतो, "बघा, बघा, हाताची कला!" मी, ज्याचं तोंड आरशासारखं होतं, तो मी आता मेलेल्या पत्र्यावर नक्षी काढतो. ती मागच्या नळापाशी बसून राखेने घागरी घासते. आमच्यापासून दहा पावलांवर. आता भांडं धरायला कुणी लागत नाही.

पाच वर्षं अशी गेली. आणि आता मी तुम्हाला ते सांगतो, जे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. तीस वर्षांहून जास्त ती ऐरणीच्या पलीकडे बसली होती. माझ्यापासून त्याचे कान जेवढे लांब होते, तेवढेच तिचे. आधी माझं लक्ष गेलं नाही. मग एक दिवस लक्षात आलं की मी पहिला घाव घालतो आणि ती दचकत नाही. नळ भरून वाहतो आणि ती बघत नाही. धाकटा हाका मारून थकला की गिऱ्हाइकांना सांगतो, "वहिनीला फार गुर्मी आहे. हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही." ती कुणाला काही सांगत नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही. बहिऱ्याला लोक कसं वागवतात, हे तिने जन्मभर जवळून पाहिलं होतं, आणि थोडंफार स्वतःही केलं होतं.

गेल्या आठवड्यात त्याच मंडळाच्या बाई शाळेतली मुलं घेऊन दुकानात आल्या. मुलं कानवाल्याभोवती जमली. एका मुलीने वहीत मोठ्या अक्षरात प्रश्न लिहिला आणि वही त्याच्यापुढे धरली. "घागर पुरी झाली, हे तुम्हाला कसं कळायचं?"

त्याने तो प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. मला हातात घेऊन त्याने माझं तोंड बाहीला पुसलं. मग तो बोलला. सगळ्या दुकानभर ऐकू गेलं.

"मला नाही कळायचं, बाळ. तिला कळायचं." त्याने मला उचलून नळाकडे दाखवलं. "ती माझी बायको. कान तिचा होता. मी तिच्या बोटाकडे बघून ठोकायचो. घागरी तिच्या आहेत, सगळ्या. या बाईंनी मला विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोललो. कुणीही धरेल म्हणालो. तसं कुणी धरणारं नव्हतं."

बाईंचा चेहरा उतरला. सगळी मुलं नळाकडे बघायला लागली. ती पाठमोरी बसली होती. राखेचा हात घागरीवर गोल गोल फिरत होता.

तो वाट बघत राहिला. मला त्याने अजून नळाकडेच रोखून धरलं होतं.

ती वळली नाही.

मग ती वहीवाली मुलगी धावत गेली आणि तिने तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकून वळली. समोर एवढी मुलं बघून तिला वाटलं, यांना पाणी हवं असेल. ती ओशाळं हसली, घागर उचलली आणि नळापासून बाजूला झाली.

दहा पावलांवरून त्याने तेवढंच पाहिलं. आपण सगळं कबूल केलं, तिने सगळं ऐकलं, आणि ती हसून बाजूला झाली. त्याने मान खाली घातली. बाईंनी घड्याळात पाहिलं आणि मुलांना रांगेत उभं केलं. त्याने पुढची घागर मांडीवर ओढली आणि असा घाव घातला की पत्र्याला आरपार भोक पडलं. धाकटा ओरडला, पण त्याचा काय उपयोग?

संध्याकाळी ती घागरी न्यायला आली. त्याचे डोळे लाल दिसले. रस्त्याची धूळ गेली असेल, असं समजून तिने ओलं फडकं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते घेतलं नाही. आजही त्याला वाटतं, तिने माफ केलं नाही. आजही तिला वाटतं, तो कधी बोललाच नाही. मला दोन्ही माहीत आहे, आणि मला फक्त ठोकता येतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टी शेवटी काहीतरी मागतात. आमची निगा राखा, आम्हाला गंजू देऊ नका, असं म्हणतात. माझी निगा नका राखू. माझा गंज राखेने घासला की निघतो. हाताने घडवलेली एखादी वस्तू हातात आली, तर ती बनवणाऱ्याचं नाव विचारा, आणि मग त्याच्या समोर कोण बसलं होतं, तेही विचारा. आणि तुमच्या घरात असं समोर बसणारं कुणी असेल, तर त्याचं जे काही श्रेय तुमच्याकडे आहे ते आजच त्याला सांगा. जवळ जाऊन, तोंडाकडे बघून सांगा. उशीर झाला की मोठ्याने ओरडूनही भागत नाही.